गाव उठतं, मौजे उरतं

जनगणनेच्या गावयादीतला एक रकाना कोणी फारसा वाचत नाही. २०११ च्या यादीत महाराष्ट्रात ४३,६०० हून जास्त गावं आहेत आणि त्यांतल्या अडीच हजारांहून अधिक गावांपुढे लोकसंख्या शून्य आहे. गावाला नाव आहे, शीव आहे, सातबारे आहेत, माणूस नाही. महसुली भाषेत अशा गावाला बेचिराख म्हणतात, विदर्भात रिठी. त्यातली काही धरणात बुडाली, काही जंगलाच्या हद्दीत गेली. मी शोधतो ती उरलेली. ती कधी उठली आणि तिथली माणसं कुठे गेली, हे शेजारच्या गावालाही धड सांगता येत नाही.

शेजारगावी गोष्ट मात्र तयार असते. “पटकी आली अन् एका रात्रीत गाव उठलं.” कुठे पटकी, कुठे मुंग्या, कुठे सासुरवाशिणीचा शाप. कारण बदलतं, एक रात्र सगळीकडे तीच. ती रात्र कागदात सापडते का, हे बघण्यातच या कामाची गोडी आहे.

सुरुवात नकाशापासून करायची. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशांवर वस्तीचं गाव आणि ओसाड गाव यांना निराळी चिन्हं आहेत, पण लहान वस्त्या त्यातूनही निसटतात. खरा उपयोग होतो तो भूमी अभिलेख कार्यालयातल्या गावनकाशाचा. भीमेच्या खोऱ्यातल्या एका बेचिराख मौज्याचा नकाशा मी असाच टेबलावर पसरला होता. गावाचं नाव देत नाही, कारण गुप्तधनाच्या आशेने तिथे आधीच खड्डे पडले आहेत. नकाशावर शेतांच्या हद्दी, ओढा, विहिरी आणि तुटक रेघांनी काढलेल्या गाडीवाटा. चार शेजारगावांहून आलेल्या वाटा ओढ्याच्या काठी एका लहानशा तुकड्यात येऊन मिळत होत्या, आणि त्या तुकड्यात काहीच नव्हतं. रिकाम्या जागी कोणी वाटा नेत नाही. गावठाण तिथेच असणार.

पुढची अडचण आकड्यांची. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजच्या सातबाऱ्यावरचा गट जुन्या नोंदीत सापडत नाही. त्यासाठी एकत्रीकरण योजनेचा उतारा काढून कोणता सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला, हे जुळवत बसावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलं तर पुढे सगळंच चुकतं.

सर्व्हे नंबर जुळला की मग पुण्याचं पेशवे दप्तर. तिथले लाखो मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. गावाच्या नावाने मागितलं तर बहुधा काही हाती लागत नाही. गाव तेव्हा कोणत्या परगण्यात, कोणत्या तरफेत होतं, ते आधी शोधावं लागतं. आजचा तालुका तिथे कामाचा नाही. तारीखही उलगडून घ्यावी लागते. ‘सन इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण सुहूर सन ११७२. मृगापासून डिसेंबरपर्यंतचा कागद असेल तर त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीनंतरचा असेल तर ६००. म्हणजे १७७१-७२.

मला सर्वांत बोलका वाटतो तो थळझाडा, म्हणजे गावातल्या थळांची यादी. मिराशी, म्हणजे जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेल्या, कुळांच्या जमिनीला थळ म्हणत आणि थळाला त्या कुळाचं नाव असे. कूळ गेलं तरी थळाचं नाव तेच राही; पुढे फक्त ‘गतकूळ’ असा शेरा पडे. १८२१ च्या सुमारास पुण्याचे कलेक्टर कॅप्टन रॉबर्टसन यांनीही या पद्धतीची सविस्तर नोंद केली आहे. एकाच गावाचे दोन वेगळ्या काळातले थळझाडे शेजारी ठेवले, तर गतकुळांची संख्या वाढत गेलेली दिसते. सोबत कौलनामे असतात. उजाड जमीन पुन्हा लावण्यासाठी सरकार इस्ताव्याचा कौल देई: पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग दरसाल चढता, शेवटी पूर्ण. सरकार माणसं परत बोलवत होतं, याचा अर्थ माणसं आधीपासून निघून चालली होती. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजा पुण्यावर आल्या, त्यापाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला आणि पुणे-नगर भागातली कितीतरी गावं रिकामी झाली. काही पुन्हा वसली, काही नाही. एका रात्रीची गोष्ट इथे टिकत नाही. आधी कर्ज, मग बैल विकणं, मग एकेक घर शेजारच्या मोठ्या गावात.

कागद संपले की पायपीट. जुन्या गावाची जागा मातीच सांगते. शतकानुशतकांची राख, शेण आणि पडक्या भिंती मिसळून वस्तीची माती भुरकट होते. भोवतालच्या काळीत ती लगेच उठून दिसते. म्हणून तर वस्तीला पांढरी म्हणतात. ओढ्याकाठच्या त्या तुकड्यात ज्वारीच्या धसकटांमधून खापऱ्या, काचेच्या बांगड्यांचे तुकडे आणि फुटक्या जात्याची तळी निघाली. एका बाजूला लोखंडाच्या कीटाचे काळे, जड गोळे होते. लोहार तिथे बसत असणार. मारुती मात्र शाबूत आणि ताजा शेंदूर लावलेला. त्याच्या नावे देवस्थान इनामाची जमीन आहे आणि हनुमान जयंतीला आसपासच्या गावांतली काही घराणी नारळ घेऊन येतात. त्यांना विचारलं तर म्हणतात, “आमचं मूळ गाव हेच.”

या सगळ्यात एक गोष्ट नजरेआड होऊ देऊ नये. दप्तर साऱ्यासाठी लिहिलं गेलं. सारा भरणारा मिरासदार त्यात नावानिशी येतो. उपरी, म्हणजे कायम हक्क नसलेल्या, कुळाचं नाव क्वचित, भूमिहीनाचं जवळजवळ नाहीच. बलुतेदार सापडतात ते इनामाच्या किंवा हक्काच्या तंट्यात. महार वतनाची जमीन नोंदीत असते, म्हणून महारांची वस्ती कुठे होती याचा अंदाज बांधता येतो. बाकी भटक्या, मजूर माणसांबद्दल कागद गप्प आहेत. बेचिराख गावाचा इतिहास लिहिताना ‘गाव’ म्हणजे फक्त थळझाड्यातली नावं असं धरलं, तर अर्धं गाव पुन्हा एकदा उठवल्यासारखं होतं. त्या अर्ध्यासाठी खापऱ्या, कीट आणि तोंडी आठवणी हेच पुरावे.

आणि तेच पुरावे सध्या झपाट्याने जात आहेत. पांढरीची माती ट्रॅक्टरने उचलून शेतात टाकली जाते, उंचवटे जेसीबीने सपाट होतात. म्हणून एवढंच सांगणं आहे. आपल्या तलाठ्याला विचारा, सजात बेचिराख गाव आहे का. त्याचा नकाशा भूमी अभिलेखातून रीतसर फी भरून मागा. पांढरीवर जा, फोटो काढा, पण खणू नका आणि काही उचलू नका. मारुतीला नारळ वाहायला येणाऱ्यांची आडनावं लिहून घ्या. घरात मोडी कागदांची पेटी असेल तर ती रद्दीत घालण्याआधी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला किंवा जवळच्या मोडी जाणकाराला दाखवा. तुमच्या दृष्टीने तो जुना हिशेब असेल. एखाद्या गावाचा तो शेवटचा कागद असू शकतो.