अफजलपूर परिसरातील राज्यमार्ग : हद्द, नदी आणि रस्ता

अफजलपूर हे कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्याचे एक तालुक्याचे ठिकाण भीमा नदीच्या उत्तरेस वसलेले आहे. त्याच्या एका बाजूस महाराष्ट्रातील अक्कलकोट तालुका, तर दक्षिणेस नदीपलीकडे विजयपूर जिल्हा आहे. अफजलपूर गावावरून रेल्वे जात नाही. त्यामुळे शेतमालाची ने-आण, रुग्णांची सोय, शिक्षण आणि यात्रा या सर्व बाबतींत येथील जनतेची भिस्त राज्यमार्गांवर व त्यांना मिळणाऱ्या जिल्हामार्गांवर राहत आली आहे.

या रस्त्यांच्या दिशा सहज ध्यानात येण्याजोग्या आहेत. पूर्वेकडील रस्ता चौडापूरमार्गे कलबुर्गीस पोहोचतो. दुसरा रस्ता राज्याची हद्द ओलांडून अक्कलकोट व पुढे सोलापूर गाठतो. उत्तरेकडे दुधनी ही बाजारपेठ व रेल्वे स्थानक आहे. दक्षिणेस भीमा ओलांडून देवणगाव, आलमेल व सिंदगीकडे जाता येते. चौडापूरहून फुटणारा रस्ता भीमा-अमरजा संगमाजवळील श्रीक्षेत्र गाणगापूरला जातो. अक्कलकोट व गाणगापूर या दोन्ही क्षेत्रांचे दर्शन एकाच यात्रेत घेणाऱ्या मराठी भाविकांना हा परिसर चांगलाच परिचयाचा आहे.

तीन सत्तांची सीमा

या भागातील रस्ते तुकड्यातुकड्यांनी का वाढले, याचे उत्तर इतिहासात सापडते. स्वातंत्र्यापूर्वी येथे तीन राजवटी एकमेकींना भिडत होत्या. अफजलपूर निजामाच्या हैदराबाद राज्यात होते, अक्कलकोट हे स्वतंत्र संस्थान होते आणि नदीपलीकडील सिंदगी व इंडी हा विजापूर जिल्ह्याचा प्रदेश मुंबई इलाख्यात मोडत होता. प्रत्येक राजवटीची नजर आपापल्या मुख्य ठाण्याकडे असे. साहजिकच दोन राजवटींना जोडणारा रस्ता कोणाच्याच अग्रक्रमात बसत नसे.

रेल्वे मात्र या सीमा ओलांडून गेली. १८६० मध्ये सोलापूरपर्यंत आलेला लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडून येणाऱ्या मार्गास मिळाला. अक्कलकोट रोड, दुधनी आणि गाणगापूर रोड ही याच मार्गावरील स्थानके होत. स्थानकांच्या नावांतील ‘रोड’ हा शब्द अर्थपूर्ण आहे. रेल्वे गावापर्यंत न जाता गावाच्या रस्त्यापर्यंत जाते, असे तो सांगतो. गाणगापूर रोड स्थानकापासून क्षेत्र सुमारे २० किलोमीटर दूर आहे. हे उरलेले अंतर ज्या रस्त्याने तोडावयाचे, तो रस्ता चांगला नसेल तर रेल्वेचा उपयोगही अपुराच राहतो.

१९४८ मध्ये अक्कलकोट संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हैदराबाद भारतात सामील झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन गुलबर्गा व विजापूर हे दोन्ही जिल्हे तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. (या राज्याचे १९७३ मध्ये ‘कर्नाटक’ आणि गुलबर्ग्याचे २०१४ मध्ये ‘कलबुर्गी’ असे नामांतर झाले.) यायोगे अफजलपूर व सिंदगी यांच्यामधील राज्याची सीमा पुसली गेली, अफजलपूर व अक्कलकोट यांच्यामधील सीमा मात्र कायम राहिली.

रस्त्यांची वर्गवारी

रस्ता कोणी बांधावयाचा आणि कोणी राखावयाचा, हे त्याच्या वर्गावरून ठरते. या विचाराचा पाया बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने घातला. १९२८ च्या तिच्या अहवालानंतर १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी निर्माण झाला. पुढे १९४३ मध्ये नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने रस्त्यांची राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आजचे राज्यमार्ग, जिल्हामार्ग आणि ग्राममार्ग अशी वर्गवारी केली. शेतीप्रधान भागातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर नसावे, हे त्या योजनेचे उद्दिष्ट होते.

आज महाराष्ट्रात राज्यमार्ग व प्रमुख जिल्हामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हामार्ग व ग्राममार्ग जिल्हा परिषदेकडे आहेत. कर्नाटकातही राज्यमार्ग व प्रमुख जिल्हामार्ग लोकनिर्माण खात्याकडे असतात. वर्ग ओळखण्याची एक सोपी खूण आहे. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग आणि हिरवा असेल तर राज्यमार्ग समजावा. खड्ड्याची वा खचलेल्या मोरीची तक्रार करताना या दगडावरील क्रमांक नमूद केल्यास ती योग्य कार्यालयाकडे विनाविलंब पोहोचते.

काळी जमीन आणि भीमेचे पाणी

या परिसरातील काळी जमीन ज्वारीस व तुरीस मानवते, पण रस्त्यास मानवत नाही. ही माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट खडी पसरली तर ती चिखलात रुतते व वरचे डांबर फुटते. म्हणून आधी भराव उंच करणे, त्यावर मुरुमाचा थर दाबणे, मग दगड व खडी पसरून रोलर फिरविणे आणि शेवटी डांबरीकरण करणे, हा क्रम पाळावा लागतो. दोन्ही बाजूंच्या गटारांतून पाणी वाहते राहणे हे त्याहून महत्त्वाचे होय. शेताची वाट करण्यासाठी गटार बुजविले की पाणी भरावात मुरते आणि एकाच पावसाळ्यात रस्ता खचतो.

भीमेचा प्रश्न वेगळा आहे. नदी सोलापूर जिल्ह्यातून पुढे येत असल्यामुळे उजनी धरणातील विसर्गाचा परिणाम खाली अफजलपूर तालुक्यापर्यंत जाणवतो. ऑक्टोबर २०२० च्या महापुरात नदीकाठच्या अनेक गावांना पाण्याने वेढले आणि वाहतूक ठिकठिकाणी बंद पडली. अशा वेळी पूल केवळ असून भागत नाही. त्याची उंची व पोचरस्त्याचा भराव पुराच्या पातळीचा विचार करून ठरविलेला असावा लागतो.

दोन विभाग, एक रस्ता

हद्दीवरील रस्त्याची खरी अडचण येथेच आहे. एका राज्याने आपल्या बाजूचे काम पूर्ण केले आणि दुसऱ्याचे मागे राहिले, तर मधले थोडेसे अंतरही संपूर्ण मार्गाची उपयुक्तता घटविते. दुधनीच्या बाजारात तूर नेणारा शेतकरी किंवा सोलापूरच्या रुग्णालयात रुग्ण नेणारे कुटुंब रस्त्याची लांबी राज्यवार मोजत नाही. दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांनी कामाचा हंगाम, रुंदी आणि मोऱ्यांची पातळी परस्परांशी जुळवून घेतल्यास हा दोष दूर होऊ शकतो.

ग्रामस्थांचाही यात वाटा आहे. रस्त्याच्या हद्दीतील अतिक्रमणास महाराष्ट्रात १९५५ चा आणि कर्नाटकात १९६४ चा महामार्ग अधिनियम प्रतिबंध करतो. ग्रामपंचायतींनी गटारे मोकळी ठेवण्याकडे लक्ष द्यावे, आणि शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आपल्या गावचा रस्ता कोणत्या वर्गाचा आहे व तो कोठून कोठे जातो, हे नकाशावर दाखवावे. आपल्या रस्त्याची माहिती असलेले गावच त्याची निगा राखते आणि त्याविषयीची मागणी योग्य ठिकाणी करू शकते.