महागडें यंत्र परवडतें काय ?

पुण्यास नोकरीनिमित्त राहणाऱ्या, परंतु शिरूर-दौंडकडे वडिलोपार्जित जमीन असलेल्या एकत्र कुटुंबांत पाऊस सुरू झाला कीं एक वाद ठरलेला असतो. बांधावर गवत माजतें, कापावयास गडी मिळत नाहीं, आणि गवत कापण्याचें एंजिन, म्हणजे ‘ब्रश कटर’, घ्यावयाचें ठरतें. धाकटे बंधु जर्मनीच्या ‘स्टिल’चें किंवा जपानच्या ‘होंडा’चें नांव काढतात. थोरले बंधु म्हणतात, तेवढ्या पैशांत बाजारांतील तीन-चार साधीं यंत्रें येतील. दोघांच्याहि बोलण्यांत तथ्य आहे. म्हणूनच हा प्रश्न वडीलकीच्या जोरावर न सोडवितां हिशेबानें सोडविला पाहिजे.

वाद नवा नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दीर्घ काळ लागला. पुढें १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली आणि तोच नांगर महाराष्ट्रांत घरोघर गेला. तो लोखंडाचा म्हणून नव्हे, तर रानांत काम चोख करी म्हणून लोकांनीं पैसे मोजले. आजच्या यंत्रासहि हीच कसोटी लावावी.

महागड्या यंत्रांत अधिक पैसा जातो कोठें ? ब्रश कटरचें एंजिन दिसावयास लहान, पण मिनिटास सात-आठ हजार फेरे घेणारें असतें. इतक्या वेगांत सिलिंडर, दट्ट्या, क्लच व पात्यालगतचीं दांतेरी चाकें यांच्या धातूंत किंवा घडणींत किंचित् उणीव असली, तरी तीं लवकर झिजतात. चांगल्या यंत्रांत कंप शोषून घेण्याची योजना असते. हलक्यांत तो कंप चालविणाऱ्याच्या हातांत उतरतो. आणि आमच्या मतें सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सुटे भाग. दहा वर्षांनींहि नेमका भाग मिळणार असेल, तरच वाढीव किंमतीस अर्थ आहे. दुरुस्ती करणारा जवळ नसेल, तर विलायती नांवाचें यंत्रहि चार आण्यांची कोंबडी नि बारा आण्यांचा मसाला ठरतें.

आतां हिशेब. उदाहरणादाखल समजूं कीं, एक यंत्र ३२ हजारांचें असून १,००० तास चालेल, व दुसरें ८ हजारांचें असून २०० तास चालेल. पहिल्याचा खर्च तासास ३२ रुपये पडला, दुसऱ्याचा ४० रुपये. म्हणजे महाग तेंच स्वस्त ! परंतु ज्या घरीं वर्षाकाठीं २५ तासच काम आहे, तेथें साधें यंत्र ८ वर्षें पुरेल. महागड्याचे तास संपावयास ४० वर्षें लागतील, आणि तोंवर त्याचीं रबरें व नळ्या पडल्यापडल्याच कुजून जातील. उलट, वर्षास १५० तास काम असेल, तर साधें यंत्र १६ महिन्यांत निकामी होईल, आणि बहुधा ऐन हंगामांत होईल.

म्हणून किंमत विचारण्यापूर्वीं रान पाहावें. दौंड तालुक्यांत मुठेच्या उजव्या कालव्याचें व भीमेचें पाणी, ऊस, गुऱ्हाळें आणि दुभतीं जनावरें यांमुळें बांध साफ करण्याचें व चारा कापण्याचें काम जवळजवळ बारमाही चालतें. शिरूरमध्यें घोड धरणाच्या व चासकमानच्या पाण्याखालील गांवांची स्थितीहि तशीच आहे. जिराईत पट्ट्यांत मात्र हें काम पावसानंतरच्या कांहीं आठवड्यांचें. पण त्या आठवड्यांत तें टाळतां येत नाहीं. १९५५ सालीं पुण्यांत प्रथम आढळलेलें गाजरगवत फुलण्यापूर्वींच कापावें लागतें, आणि उसाच्या आश्रयानें बिबट्या वावरतो त्या गांवीं घराभोवतीं गवत वाढूं देणें म्हणजे लेकरांच्या जिवाशीं खेळ आहे.

तात्पर्य, बागाईतदारानें चांगलें यंत्र घ्यावें. जिराईतदारानें भाड्यानें आणावें, अथवा चार भाऊबंदांनीं मिळून एकच उत्तम यंत्र घ्यावें. चौघांचे पंचवीस-पंचवीस तास मिळून शंभर होतात, आणि वाढीव किंमत अंगीं लागते. सरकारी यांत्रिकीकरण योजनेंतून अनुदान घ्यावयाचें असल्यास पूर्वसंमती आधीं, खरेदी मागाहून, हा क्रम विसरूं नये.

निगा नसेल तर महाग यंत्रहि स्वस्ताच्या पंक्तीस बसतें. टू-स्ट्रोक एंजिनाच्या पुस्तिकेंत ५० स १ असें प्रमाण दिलें असेल, तर लिटरभर पेट्रोलांत २० मिलिलिटर तेल मिसळावें. २५ स १ असेल, तर ४०. तेल विसरलें कीं दट्ट्या चिकटलाच. शिवाय आतां पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. आपल्याच उसापासूनहि होणारें हें द्रव्य ओलावा ओढून घेतें. यास्तव हंगाम संपतांच टाकी रिकामी करून, एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच तें ठेवावें.

एक गोष्ट मात्र तासांच्या हिशेबांत बसत नाहीं. पैसे देणारा पुण्यास बसतो. यंत्र खांद्यावर घेणारा रानांत असतो. पात्याखालून उडालेला खडा डोळा नेऊं शकतो, वर्षानुवर्षें कंप सोसणाऱ्याचीं बोटें पांढरीं पडून बधिर होतात, आणि दिवसभर ८५ डेसिबलांहून मोठा आवाज ऐकणाऱ्याचे कान हळूहळू जातात. तेव्हां यंत्र कोणतेंहि घ्या, पात्यावरील ढाल, खांद्याचा दुहेरी पट्टा, चष्मा व कानांवरील झांकणें यांत काटकसर करूं नका. ढाल काढली कीं काम लवकर उरकतें, असें सांगणाऱ्याचें ऐकूं नका.

यंदा दुकानांत जाण्यापूर्वीं थोरल्या व धाकट्या बंधूंनीं एकत्र बसून गेल्या वर्षींचे कामाचे तास वहींत मांडावे, आणि त्या बैठकीस यंत्र चालविणाऱ्या गड्यासहि बोलवावें. तें किती जड वाटतें व हात किती भरून येतात, हें त्याच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार ?