शाळेच्या बांधावरही फेरी मारा



उसाला किती पाळ्या पाणी दिलं ते आपण बोटांवर सांगतो. पोरगी सातवीत काय शिकते, ते मात्र गुरुजींवर सोपवतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या महिला असाव्यात, असे ठरवले आहे. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते, अनुदानाच्या खर्चावर लक्षही तीच ठेवते.

स्वच्छतागृहाला दार नसलं, नळाला पाणी नसलं, की मोठ्या पोरी शाळा चुकवतात. पुढे नावही निघतं. वर्गणी काढून दार बसवा, पावती घ्या, हिशेब फळ्यावर लावायला सांगा. गुरुजींशी बोला. तोडणी मजुरांची मुलंही वर्गात बसवा. नांगे भरल्याशिवाय फड एकसारखा होत नाही.

— ऊस विकास अधिकारी