तीन चाकांवरचा तोल

तीन चाकांच्या मोटरसायकलचे, म्हणजे ट्राइकचे, पहिले आकर्षण ती थांबल्यावर कळते. लांब पल्ल्याच्या मोठ्या दुचाकीचे वजन साडेतीनशे-चारशे किलोंपर्यंत जाते. मागे जोडीदार, पेट्यांत सामान आणि सिग्नलला उतार अशा वेळी तो सगळा भार दोन पायांवर येतो. गुडघे दुखू लागले की अनेकांची मोटरसायकल इथेच सुटते. ट्राइक स्वतःच्या चाकांवर उभी राहते आणि तिला बहुधा रिव्हर्स गिअरही असतो. वारा, आवाज आणि हँडल मात्र मोटरसायकलचेच राहते.

हार्ले-डेव्हिडसनची सर्व्ही-कार 1932 ते 1973 अशी चार दशके बनत होती आणि ती निव्वळ कामाची गाडी होती. गॅरेजचा मेकॅनिक तिच्यावरून गिऱ्हाइकाच्या घरी जाई, तिला मोटारीच्या मागच्या बंपरला अडकवी आणि मोटार चालवत गॅरेजला परते. अमेरिकेतल्या पोलिसांनीही ती पार्किंगच्या बंदोबस्तासाठी वापरली. त्याच कंपनीची 2009 सालची ट्राय ग्लाइड मात्र प्रवासाच्या हौसेसाठी होती. त्याआधी 2007 मध्ये कॅनडाच्या बीआरपीने स्पायडर आणली होती. तिची दोन चाके पुढे आणि एक मागे.

चाकांची ही मांडणी दिसण्यापुरती नाही. पुढे एकच चाक असलेली गाडी, उदाहरणार्थ आपली रिक्षा, वळणात ब्रेक दाबला की अडचणीत येते. भार पुढे आणि बाहेरच्या बाजूला सरकतो, आणि नेमका त्या कोपऱ्यात आधाराला टायर नसतो. मग आतले मागचे चाक उचलले जाते. दोन चाके पुढे असली की ब्रेकचा भार जिथे येतो तिथेच टायर असतात. स्पायडरमध्ये याच्या जोडीला स्थिरता राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही आहे. चाक उचलले जाण्याची लक्षणे दिसताच ती इंजिनाची ताकद कमी करते आणि हव्या त्या चाकाला ब्रेक लावते. माळरानावर चालवायच्या, पुढे एक चाक असलेल्या गाड्यांचा इतिहास याउलट आहे. त्यांच्या उलटण्याने इतके लोक, विशेषतः मुले, जखमी झाले की 1988 मध्ये न्यायालयीन समझोत्याने अमेरिकेत त्यांची नवी विक्री थांबली.

याहून फसवी गोष्ट हँडलची आहे. वेगात असलेली दुचाकी डावीकडे वळवताना स्वार नकळत डावी मूठ पुढे ढकलतो. चाक क्षणभर उजवीकडे जाते, गाडी डावीकडे झुकते आणि झुकल्यामुळे वळते. ट्राइक झुकत नाही. तिच्यावर डावी मूठ ढकलली तर ती उजवीकडेच जाते. त्यामुळे वीस वर्षे दुचाकी चालवलेला माणूस पहिल्या काही दिवसांत नवशिक्याइतकाच, कदाचित अधिक, धोक्यात असतो. घाबरलेल्या क्षणी हात जुनीच सवय आठवतात. दुसरी सवय पायाची. थांबताना पाय खाली टेकवला आणि गाडी अजून सरकत असली, तर मागचे रुंद चाक पावलावर चढू शकते. वळणात शरीर बाहेर फेकले जाते, म्हणून आतल्या बाजूला वाकून बसावे लागते. रस्त्यावर चाकांच्या तीन रेघा उमटतात. त्यामुळे दुचाकीवर सहज टाळता येणारा खड्डा एखाद्या चाकाला सापडतोच.

झुकणाऱ्या तीनचाक्या ही वेगळी जात आहे आणि अभियांत्रिकीच्या दृष्टीने सर्वांत देखणी. इटलीच्या पियाज्जोने 2006 मध्ये आणलेल्या एमपी3 स्कूटरची पुढची दोन चाके समांतरभुज चौकटीने जोडलेली आहेत, त्यामुळे गाडी दुचाकीसारखी झुकते आणि तशीच वळते. थांबताना कळ दाबली की चौकट जागीच घट्ट होते. ओल्या फरशीच्या रस्त्यावर एक चाक घसरले तरी दुसऱ्याची पकड उरते. पॅरिसमध्ये ती कचेरीला जाणाऱ्यांची गाडी झाली. याला कायद्याचीही मदत झाली. पुढच्या चाकांमधले अंतर पुरेसे रुंद असेल तर फ्रान्समध्ये मोटारीच्या लायसन्सवर ती चालवता येते. त्यासाठी 2011 पासून सात तासांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. यामाहाची 2018 सालची नायकेन याच तत्त्वावर बनलेली, पण घाटवळणांच्या शौकिनांसाठी आहे.

टक्कर झाली तर तिसरे चाक वाचवत नाही. स्वाराभोवती ना पत्रा असतो ना पट्टा. हेल्मेट, जॅकेट आणि हातमोजे दुचाकीइतकेच लागतात.

महाराष्ट्रातल्या शहरांत या गाड्यांचे सर्वांत जवळचे नातेवाईक म्हणजे दिव्यांगांच्या स्कूटर. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आधाराची चाके बसवलेली असतात आणि कुबड्या ठेवायला जागा केलेली असते. मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये अशा वाहनाचा स्वतंत्र वर्ग आहे. गिअर नसलेल्या स्कूटरचे दोन्ही ब्रेक हातात असल्याने पोलिओने पाय अधू झालेला माणूस कोणाच्याही आधाराशिवाय कामावर जाऊ शकतो. आधाराची चाके लागली की ही स्कूटरही झुकत नाही, म्हणून वळण्याआधीच वेग उतरवणे आणि वाढलेल्या रुंदीचा अंदाज ठेवणे तिच्या स्वाराला पहिल्या दिवसापासून शिकावे लागते.