कोपनहेगनची औटकी

आजोबांनी छडीच्या धाकाने पाठ करून घेतलेली औटकी आयुष्यात कधी उपयोगी पडेल असे मला वाटले नव्हते. ती पडली, आणि पडली तीही कुठे, तर डेन्मार्कमध्ये!

पुण्यात संस्कृत घेऊन एम.ए. झालो आणि जुन्या नॉर्स भाषेच्या, म्हणजे आइसलँडच्या सागा जिच्यात लिहिल्या गेल्या त्या भाषेच्या, नादाने कोपनहेगन विद्यापीठात दाखल झालो. शिष्यवृत्तीची अट मोठी कडक होती. सहा महिन्यांत डॅनिशची तोंडी परीक्षा उत्तीर्ण व्हायची, नाही तर परतीचे तिकीट!

जुन्या नॉर्सची मला भीती नव्हती. ज्याने संस्कृत विभक्ती घोकल्या त्याला तिची रूपे काय जड? पण डॅनिश! लिहायचे एक आणि उच्चारायचे त्याच्या निम्मे. 'हुन' म्हणजे ती. तोच शब्द घशात किंचित अडकवला की कुत्रा. घरमालकीणबाईंना त्यांच्या मुलीविषयी विचारले, "ती कुठे आहे?" बाईंनी शांतपणे टेबलाखाली झोपलेल्या कुत्र्याकडे बोट दाखवले.

आकड्यांनी तर रडकुंडीला आणले. पाववाल्या बाईने किंमत सांगितली, "ओत्ते-ओ-हाल्फ्येर्स." मी मूठभर नाणी तिच्यापुढे धरली. तिने हवी तेवढी उचलून घेतली. माझ्या मागची रांग हसली. त्या रात्री चिडून कोश उघडला. पन्नासला हे लोक 'हाल्ट्रेस' म्हणतात. फोड केली तर अर्थ निघाला, 'अर्धा तिसरा, गुणिले वीस'. अर्धा तिसरा? अहो, हे तर आपले अर्धतृतीय! आपला 'अडीच' याच शब्दापासून झाला. अडीच विसा पन्नास! पुढे सत्तर म्हणजे अर्धा चौथा गुणिले वीस, म्हणजेच औट विसा. नव्वद म्हणजे साडेचार विसा. शिवाय एकम आधी बोलायचे, अगदी आपल्या अठ्ठ्याहत्तरसारखे. मी अंथरुणात बसून मोठ्याने औटकी म्हटली. शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप पडली.

तेव्हापासून कोश हाच माझा मास्तर झाला. डॅनिश भाषेचा थोरला कोश 1918 ते 1956 या काळात 28 खंडांत छापला गेला. आता तो सगळा संगणकावर फुकट वाचता येतो. आजच्या डॅनिशच्या कोशात तर शब्दावर टिचकी मारली की उच्चार कानी पडतो. 'ती' आणि 'कुत्रा' मी तिथेच दोनशे वेळा घोकले. जुन्या नॉर्ससाठी लंडनच्या व्हायकिंग सोसायटीने, जिची स्थापना 1892 सालची, आपले व्याकरण आणि वाचनमाला अशाच मोकळ्या करून ठेवल्या आहेत. पुण्यात बसूनही निम्मी वाट चालता येते.

उरलेली निम्मी मात्र हस्तलिखितांपाशीच चालावी लागते. आर्नी मॅग्नुसन या आइसलँडच्या पंडिताने खेड्यापाड्यांतून चामड्यावरची पाने गोळा केली. कुणी पान कापून कपड्याचा नमुना केला होता, तर एका पानाचे बिशपच्या टोपीला अस्तर! 1728 च्या आगीत कोपनहेगन जळाले, तेव्हा त्याची बहुतेक छापील पुस्तके गेली, पण चामड्याची हस्तलिखिते बरीचशी वाचली. ती त्याने विद्यापीठाला दिली. 1971 पासून त्यांतला मोठा वाटा आइसलँडला परत गेला. उरलेला इथे आहे. पहिल्यांदा एक पान समोर आले तेव्हा मी हात मागेच ठेवले.

आणि रास्मुस रास्क! आइसलँडच्या भाषेचे व्याकरण 1811 साली लिहिणारा हा तरुण पुढे रशिया-इराण पालथे घालून 1820 साली आपल्या मुंबईला पोचला. पारशी मंडळींकडून अवेस्ताच्या पोथ्या मिळवून 1823 साली तो घरी परतला. त्या पोथ्या आजही कोपनहेगनच्या राजग्रंथालयात आहेत. ग्रीक-लॅटिनचा 'प' उत्तरेच्या भाषांत 'फ' होतो, हे त्याने 1818 सालीच दाखवले होते. आपला 'पाद' तिकडे 'फोत्र' का, हे मला त्याच्यामुळे कळले. बिचारा 1832 साली वारला, पंचेचाळिशीही गाठली नाही.

परीक्षेत बाईंनी विचारले, "डॅनिशमध्ये तुम्हाला सर्वांत कठीण काय वाटले?" मी म्हणालो, "आकडे. पण ते माझ्या आजोबांनी शिकवले होते." मग अडखळत अडखळत औटकी सांगितली. बाईंनी कागदावर गणित मांडून पाहिले, दुसऱ्या परीक्षकांना दाखवले, आणि माझी वेळ संपली. निकाल दाराबाहेर सांगितला, उत्तीर्ण!

दुसऱ्या दिवशी मी आसिस्टन्स दफनभूमीत रास्कच्या थडग्यापाशी गेलो. त्या दगडावर डॅनिशच्या जोडीला संस्कृतही कोरलेले आहे. मी ते मोठ्याने वाचले. सायकल हातात धरून चाललेल्या एक आजीबाई थांबल्या.

"ही कुठली भाषा?"

"संस्कृत. हिंदुस्थानातली."

"मग हा गृहस्थ तिकडचा का?"

"नाही आजी," मी डॅनिशमध्ये म्हणालो, "तुमच्याच इथला."