दार तुटलं, पण पंच कुठे आहेत?

सिल्वासाला ताईकडे गेलं की रात्री जेवणानंतर 'सीआयडी'चा एखादा जुना भाग ठरलेला. ताईचं सासर निपाणीचं. भावोजींची नोकरी इथल्या कारखान्यात. घरात मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढलेली. टीव्हीवर न पटणारं काही दिसलं की ताईच्या सासूबाई, म्हणजे आमच्या अज्जी, ठसक्यात म्हणतात, "सुळ्ळु!" खोटं!

भाच्याचा तर चुका पकडण्याचा खेळच आहे. अर्धा प्यायलेला चहाचा कप पुढच्या क्षणी काठोकाठ भरलेला, दुमडलेल्या बाह्या आपोआप सरळ! एकच प्रसंग तुकड्यातुकड्यांनी, कधी वेगवेगळ्या दिवशी चित्रित होतो. कप किती भरला होता याची नोंद चुकली की 'कंटिन्युइटी' बिघडते.

'सीआयडी' २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली, २०१८ साली थांबली आणि डिसेंबर २०२४ मध्ये परतली. बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम ही जोडी त्याआधी मराठीतल्या 'एक शून्य शून्य'मध्येही होती. ७ नोव्हेंबर २००४ रोजी त्यांनी १११ मिनिटांचा भाग दाखवला, तोही एकही कट न घेता चित्रित केलेला. तुकडेच नाहीत म्हटल्यावर कप मधेच भरणार कसा?

माहितीच्या चुकांवर मात्र कॅमेऱ्याचा इलाज चालत नाही. डॉ. साळुंखे शवविच्छेदनापासून विष ओळखण्यापर्यंत सारं एकाच खोलीत उरकतात. प्रत्यक्षात शवविच्छेदन रुग्णालयात होतं, व्हिसेरा सीलबंद होऊन प्रयोगशाळेत जातो आणि अहवालाला आठवडे, कधी महिने लागतात. दया दार तोडतो. पण झडतीला लागणारे दोन पंच आणि पंचनामा कुठे असतो?

सगळ्यात मोठी चूक शेवटी येते. एक थप्पड बसते, आरोपी घडाघडा बोलतो आणि प्रकरण मिटतं.

या खेपेला ताईच्या वसाहतीत एक मोबाइल हरवला. संशय शेजारच्या चाळीतल्या एका पोरावर गेला. कुणीतरी कानाखाली वाजवली आणि तो रडत म्हणाला, "मीच घेतला." संध्याकाळी मोबाइल मालकाच्याच सोफ्याच्या फटीत सापडला. भाचा त्या घोळक्यात होता. घरी येऊन म्हणाला, "मामा, घेतलाच नव्हता, तर 'घेतला' का म्हणाला?"

नेमकं याच कारणासाठी आपल्याकडे १८७२ सालच्या पुरावा कायद्याच्या कलम २५ ने पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरायला मनाई केली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम २३ मध्ये तीच तरतूद आहे. मार चुकवण्यासाठी माणूस काहीही कबूल करतो, हे कायद्याला ठाऊक आहे. फाशीचंही तसंच. एसीपी प्रद्युम्न ती बोलून दाखवतात. पण ती देणार सत्र न्यायालय, आणि त्यावर उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब लागतं. सिल्वासासाठी ते मुंबईचं.

दुसऱ्या दिवशी भाचा आपणहून त्या मुलाच्या घरी जाऊन आला. काय बोलला ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मालिका जरूर पाहावी. मुलांबरोबर चुका पकडण्याचा खेळही खेळावा. फक्त कपावर न थांबता थप्पड बसेल तेव्हाही अज्जींसारखं मोठ्यानं म्हणावं, "सुळ्ळु!"