डाऊन क्विल्ट चपटी दिसते, आत काळे ठिपके आहेत. म्हणजे माल खराब आहे का?

ऑनलाइन मागवलेली महागडी कॅम्पिंग क्विल्ट घरी येते. पिशवीतून काढल्यावर ती चादरीसारखी पातळ दिसते. उजेडात धरली तर काळपट ठिपके आणि मधूनच विरळ जागा दिसतात. फसवणूक झाली असं वाटून काही जण चांगली क्विल्ट परत पाठवतात. काही जण दिसायला गुबगुबीत, पण निकृष्ट क्विल्ट घेऊन हिमालयातल्या ट्रेकला जातात. तिथे रात्री पारा शून्याखाली गेला की पर्याय उरत नाही. म्हणून नेमकं काय बघायचं, ते समजून घेऊ.

डाऊन म्हणजे काय?

बदक आणि हंस यांच्या वरच्या पिसांखाली मऊ लव असते, तिला डाऊन म्हणतात. पिसाला मधोमध कडक काडी असते, डाऊनला नसते. डाऊनचा प्रत्येक गोंडा सावरीच्या कापसासारखा चहूबाजूंनी फुलतो आणि हवा धरून ठेवतो. ऊब देते ती ही अडकलेली हवा.

रंगावरून दर्जा कळतो का?

नाही. डाऊन पांढरं असतं तसंच करडंही असतं आणि रंगाचा उबेशी संबंध नाही. हलक्या क्विल्टचं कापड इतकं तलम असतं की करडे गोंडे आरपार दिसतात. ते दिसू नयेत म्हणून फिकट कापडात बऱ्याचदा पांढरं डाऊन भरतात.

चपटी का दिसते?

प्रवासात ती दाबून भरलेली असते. बाहेर काढून हलकेच झटका, काही तास, शक्यतो रात्रभर मोकळी पसरून ठेवा आणि मगच जाडी बघा. डाऊन कप्प्यात एका बाजूला सरकलं असेल तर हाताने हलकेच थोपटून सारखं करता येतं.

लेबलवर काय वाचायचं?

पहिला आकडा फिल पॉवरचा. ठरावीक वजनाखाली एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम डाऊन किती घन इंच जागा व्यापतं, ते हा आकडा सांगतो. ८०० फिल पॉवर म्हणजे साधारण १३ लिटर जागा.

दुसरा आकडा भरलेल्या डाऊनच्या वजनाचा, आणि इथेच अनेकांची गल्लत होते. एकाच मापाच्या दोन क्विल्ट घ्या. एकीत ८५० फिल पॉवरचं ४०० ग्रॅम डाऊन आहे, दुसरीत ६५० चं ६०० ग्रॅम. गुणाकार केला तर दुसरीत सुमारे १५ टक्के जास्त हवा मावते. म्हणजे ती जड असली, तरी जास्त उबदार ठरू शकते. फक्त मोठी फिल पॉवर बघून भुलू नका.

तिसरा आकडा प्रमाणाचा. ९०/१० म्हणजे ९० टक्के डाऊन आणि १० टक्के पिसं.

पक्ष्यांना जिवंतपणी ओरबाडून पिसं काढलेली नसावीत असं वाटत असेल, तर ‘रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड’ हे प्रमाणपत्र आहे का ते पाहा.

खरी काळजी कधी करायची?

- रात्रभर पसरूनही क्विल्ट फुलत नसेल.
- थोपटूनही काही कप्पे रिकामेच राहत असतील.
- चिमटीत धरल्यावर जागोजागी कडक काड्या लागत असतील. म्हणजे पिसांचं प्रमाण जास्त आहे.
- कोरडी असतानाही उग्र वास येत असेल.
- हाताला गुठळ्या लागत असतील. ओल, घाम किंवा अंगाच्या तेलाने गोंडे चिकटले की गुठळ्या होतात.

शिवणीतून एखाददुसरं पीस बाहेर येणं मात्र सामान्य आहे. ते उपटू नका, भोक मोठं होतं. मागच्या बाजूने चिमटीत धरून आत ओढा.

घरी कशी ठेवायची?

दाबून भरलेल्या पिशवीत वर्षभर ठेवली तर चांगलं डाऊनही हळूहळू फुलणं विसरतं. मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत ती अधूनमधून बाहेर काढून कोरड्या खोलीत पसरायला हवी. धुतल्यावर गुठळ्या राहिल्या तर ती आतून ओली आहे असं समजा. ड्रायरमध्ये मंद आचेवर दोन-तीन टेनिस बॉल टाकून पूर्ण सुकवा.

आणि परत पाठवायची मुदत संपण्याआधीच एक रात्र ती पसरून बघा. तोपर्यंत लेबल काढू नका.